छत्तीसचा आकडा

एकतीस वर्षं मी शाळेची पिवळी बस चालवली
हँकॉकपासून कॅल्युमेटपर्यंत,
बर्फात, अंधारात, चाळीस पोरांच्या कालव्यात.
थरथर हा तिचा दोष नव्हता, स्वभाव होता.
निवृत्त झाले आणि साठवलेल्यातून ही घेतली:
काळी, चार दारांची, आठ सिलिंडरची,
उभी असली तरी निघाल्यासारखी दिसणारी.
आयली म्हणाली, या वयात?
मी म्हटलं, मग कोणत्या?

साठ मैलांपर्यंत लोणी.
बासष्टला स्टिअरिंगमध्ये काहीतरी जागं व्हायचं,
बंद दाराआड कुणी माझ्याबद्दल बोलत असावं तसं.
सत्तरला पुन्हा गप्प.

वर्नरच्या गॅरेजात चाकं दोनदा तोलून झाली,
शिशाचे तुकडे चिकटवून झाले,
रिम गरगर फिरवून, एक डोळा मिटून बघून झालं.
मग त्याचा भाचा ट्रेंट
एकटाच चक्कर मारून आला,
आणि किल्ली हातावर ठेवताना
माझ्याकडे न बघता म्हणाला,
मला तर काही जाणवलं नाही, मिसेस लाहती.

हातावर ठेवताना.
हाताकडे मात्र बघितलं त्यानं.

त्या रात्री वाटाण्याच्या सुपाचा चमचा
ताटलीवर अधांतरी धरून मी बसले.
थेंब पडला. एकच.
चमचा जास्त भरला होता, असं ठरवून
दिवा मालवला.

सकाळी, ऊन टायरला लागायच्या आत,
गुडघ्याखाली बसमधली जुनी पायपुसणी घेऊन
गेज लावला.
चव्वेचाळीस.
दुसऱ्यात चव्वेचाळीस. चारही.
टायरच्या कडेला छापलेला शेवटचा आकडा
कुणीतरी आज्ञा समजून पाळला होता.
दाराच्या चौकटीवरचा खरा आकडा
आधीच्या मालकाच्या बुटांनी खाल्लेला.

मग मी आणि एकेचाळीस नंबरचा रस्ता.
दोन पौंड सोडायचे, फिरून यायचं,
गाडी गार होईपर्यंत कॉफी,
पुन्हा दोन पौंड.
हवा सुटताना जो आवाज होतो
तो वर्गात मुलांना गप्प करण्याचा आहे,
शू, शू, आणि मीही गप्प व्हायचे.
बेचाळीसला फरक नाही.
चाळीसला वाटलं, पण वाटण्यावर माझा
आता तितकासा विश्वास नव्हता.

म्हणून आरसा.
मागे लाकडं भरलेला ट्रक, दिवे लावलेला:
बासष्टला आरशात त्याचे दोन दिवे चार व्हायचे.
आरशाला हात नसतात.
इतकं साधं, आणि ते सुचायला मला
तीन आठवडे आणि एक चमचा लागला.
रस्त्याच्या कडेला गाडी घेऊन मी हसले,
ट्रकवाल्यानं भोंगा वाजवला,
मी त्यालाही हात केला.

अडतीसला चारांचे तीन.
छत्तीसला दोन,
स्वच्छ, गोल, आपापल्या जागी.
छत्तीसच्या आकड्यावर बाकी सगळ्यांचं बिनसतं,
आमचं जुळलं.

ताठ भरलेला टायर रस्त्यावरचा प्रत्येक खडा
वर कळवत राहतो, चुगलखोर कारकुनासारखा.
जरा सैल सोडला तर
काही गोष्टी पोटात घालतो.
बसमध्ये मीही तेच करायचे.
मागच्या बाकावर कोण रडलं, कुणाच्या दप्तरात काय सापडलं,
सगळं काही मुख्याध्यापिकेपर्यंत गेलं नाही.

अठ्ठ्याहत्तरला अजून जरासा कंप आहे.
तो मी कुणाला सांगितलेला नाही,
कारण तिथं मर्यादा पंचावन्नची आहे.
ट्रेंटला फक्त आकडा सांगितला.
त्यानं मान हलवली, म्हणाला,
मी गावातल्या गावातच फिरवली होती, पस्तीसवर.
अरे मग तसं बोलायचंस, मी म्हटलं,
आणि पैसे मोजून दिले, सावकाश,
एकेक नोट टेबलावर टेकवून.

संध्याकाळी आयलीकडे जेवण.
दारापर्यंत गाडी पाण्यासारखी आली.
तिनं सूप केलं होतं, काठोकाठ, गरम.
मी पाव बुडवून खाल्ला.